जावाचा डॉम पार्सर: एका थ्रेडसाठी उत्तम, अनेकांसाठी जपून

जावा या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारा, झर्सेस या लायब्ररीवर आधारलेला डॉम पार्सर (एक्सएमएल मजकूर वाचून, म्हणजे पार्स करून, त्याच्या घटकांचे, म्हणजे नोडचे, झाड मेमरीत मांडणारा) एका थ्रेडपुरता, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकापुरता, वापरला तर तक्रारीला फारशी जागा नाही. अडचण सुरू होते ती एकदा पार्स केलेले डॉक्युमेंट अनेक थ्रेडना वाचायला दिल्यावर, कारण ‘आम्ही फक्त वाचतो, बदल करत नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. पार्सर नोडचा विस्तार मुळातच लांबणीवर टाकतो आणि कोणी तो नोड मागितला की मगच घडवतो; म्हणजे बाहेरून वाचन वाटणारी क्रिया आतून लेखनच असते. दोन थ्रेड एकाच एलिमेंटच्या नोडलिस्टवर (त्याच्या आतल्या नोडच्या यादीवर) फिरू लागले, तर मध्येच एखादा आयटम नल, म्हणजे रिकामा, येतो आणि लॉगमध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन ही त्रुटी उमटते, तेही बहुधा भार वाढल्यावर. डीबगर (चूक शोधायचे साधन) लावला की सगळे सुरळीत!

विस्तार लांबवण्याची सोय बंद करता येते, पण तेवढ्याने सुटका होत नाही, कारण नोडलिस्टची कॅशेही (पुन्हा पटकन वापरता यावी म्हणून जपलेली माहिती) सामायिकच असते. क्लोननोड या मेथडने प्रत्येक थ्रेडला प्रत द्यायची, तर ती काढतानाही मूळ डॉक्युमेंटवर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश) हवेच. त्यापेक्षा लागणारी मूल्ये सुरुवातीलाच साध्या, न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये उतरवून घेणे मला अधिक पटते. झर्सेसच्या दस्तऐवजात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे, हे मात्र मान्य करायला हवे.