माशाचा आवाज किती मोठा? मोजायला कोणतं यंत्र घ्यावं

आपल्या किनाऱ्यावरचे घोळ, ढोमा, कोथ हे आवाज काढणाऱ्या माशांच्या कुळातले. बोताजवळचे (पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे) स्नायू भराभर आकसून ते आवाज काढतात. मासे कधी बोलतात एवढंच कळायला हवं असेल, तर पाण्यात चालणारा कुठलाही माइक पुरतो. आवाज किती मोठा हे डेसिबलमध्ये सांगायचं असेल, तर पैसे कॅलिब्रेशनवर, म्हणजे यंत्राचा आकडा खऱ्या आवाजाशी ताडून दिलेला असण्यावर, खर्च करा.

सगळ्यात स्वस्त हायड्रोमॉथ. हवेतल्या आवाजांसाठी बनवलेलं ऑडिओमॉथ हे छोटं रेकॉर्डर जलरोधक डबीत घातलं की हे तयार होतं. माइक डबीच्या आत असल्यामुळे सगळ्या कंपनसंख्या त्याला सारख्या ऐकू येत नाहीत. खाडीत बऱ्याच जागा एकदम ऐकायच्या असतील तर जरूर घ्या, पण त्याच्यावरून डेसिबल सांगू नका.

साउंडट्रॅप हा पाण्याखाली ठेवायचा रेकॉर्डर बराच महाग, पण प्रत्येक नगाचं कॅलिब्रेशन मिळतं आणि रात्रभर तळाशी एकटा राहतो. होडी आणि केबल नसल्यामुळे त्यांची खडखडही नोंदीत येत नाही. विणीच्या काळातला थवा ऐकायचा असेल तर मी हाच घेईन. गेन (आवाज वाढवून नोंदवण्याचं प्रमाण) मात्र कमी ठेवा. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात गल्फ कोर्विना या माशाची एकेक हाक 177 डेसिबलपर्यंत मोजली गेली (2017). एवढ्या आवाजात लाटेची टोकं कापली गेली, तर खरा आकडा परत मिळत नाही.

तिसरा पर्याय केबलचा हायड्रोफोन (पाण्यातला माइक) आणि वेगळा रेकॉर्डर. होडीतून, मासा जवळ असताना, हाच सोयीचा, कारण कानाला हेडफोन लावून तिथल्या तिथे ऐकता येतं. हायड्रोफोनची संवेदनशीलता, म्हणजे किती आवाजाला तो किती व्होल्ट देतो, उणे 180 डेसिबल (1 व्होल्ट प्रति मायक्रोपास्कलच्या तुलनेत) असेल, तर 150 डेसिबलच्या आवाजाला सुमारे 32 मिलिव्होल्ट मिळतात. रेकॉर्डरचा ऑटो गेन (गेन आपोआप कमीजास्त करणारी सोय) चालू राहिला तर हा सगळा हिशेब वाया जातो. संवेदनशीलतेचा कागद न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

यंत्र कुठलंही घ्या, माशापासूनचं अंतर कळलं नाही तर आकडा अर्धवटच. डॅनिओनेला सेरेब्रम हा जेमतेम 12 मिलिमीटरचा मासा 140 डेसिबलहून मोठा आवाज काढतो (2024), पण ते मोजमाप त्याच्या अंगाच्या लांबीइतक्या अंतरावरचं. एक मीटरवर तोच आकडा तीस डेसिबलहून जास्त खाली येतो. शिवाय डेसिबल ज्या दाबाच्या तुलनेत मोजतात तो पाण्यात 1 मायक्रोपास्कल, हवेत 20. म्हणून 'विमानाइतका मोठा' अशा तुलना टाळा. उथळ खाडीत तर दोन-तीन मीटर पाण्यात खालचे स्वर दूर जातच नाहीत. तिथे लांबून मोजून माशाजवळचा आकडा हिशेबाने काढण्यात अर्थ नाही, जवळ जायलाच हवं.

काचेच्या टाकीत मोजणार असाल तर सावध राहा. 300 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी पाण्यात सुमारे 5 मीटर, टाकी त्यापुढे फारच लहान. भिंती आणि पृष्ठभाग आवाजाचं रूप बदलतात. तिथे एकाच जागी दोन मासे ताडून पाहा, समुद्रातल्या आकड्याशी जुळवू नका.