रक्तपिशवीवरचा कोड: घरचा की आयएसबीटी १२८?

रक्तकेंद्रासाठी नवं सॉफ्टवेअर घेताना हा प्रश्न हमखास येतो: रक्तघटकांचे आपलेच संक्षेप, म्हणजे पीआरबीसी (लाल पेशी), एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा), आरडीपी (प्लेटलेट), चालू ठेवायचे की आयएसबीटी १२८ ही आंतरराष्ट्रीय कोडपद्धत घ्यायची? आमचं मत आधीच सांगतो. पिशवी तुमच्याच रुग्णालयात वापरली जात असेल आणि तिचे भाग होत नसतील, तर घरचा कोड पुरतो. पिशव्या इचलकरंजी, गडहिंग्लजकडे जात असतील किंवा नवजात बाळांसाठी एका पिशवीच्या तीन-चार लहान पिशव्या कराव्या लागत असतील, तर प्रमाणित कोडच घ्या.

घरच्या कोडचे फायदे खरे आहेत. तो आजपासून वापरता येतो, वार्षिक शुल्क नाही, आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ तो नजरेनं वाचतो. अडचण दाराबाहेर सुरू होते. दोन केंद्रांचा अनुक्रमांक एकच असू शकतो, शिवाय काही ठिकाणी तो दर जानेवारीत पुन्हा १ पासून सुरू होतो. कोल्हापूरच्या २०१९च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद होता. अशा वेळी हाताशी असेल त्या केंद्राची पिशवी घ्यावी लागते, आणि एकाच फ्रिजमध्ये दोन पिशव्यांवर सारखाच क्रमांक दिसू शकतो.

आयएसबीटीत रक्तदान क्रमांक १३ चिन्हांचा असतो: पहिली ५ केंद्राची, पुढची २ वर्षाची, उरलेली ६ अनुक्रमाची. तो जगात शंभर वर्षं पुन्हा येत नाही. पण एका दात्याच्या लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट या तिन्हींवर हाच क्रमांक असतो. म्हणून वॉर्डच्या नोंदवहीत फक्त तोच लिहिला, तर रिॲक्शननंतर कोणता घटक चढवला ते शोधता येत नाही. शेजारचा ८ चिन्हांचा उत्पादन कोड त्यासाठीच आहे.

त्यातली पहिली ५ चिन्हं घटकाचं वर्णन करतात: घटक कोणता, गोठणरोधक कोणतं, मूळ संकलन किती, साठवणीचं तापमान काय, ल्युकोरिडक्शन (पांढऱ्या पेशी गाळणं) किंवा इरॅडिएशन (किरणांची प्रक्रिया) झालंय का. सहावं चिन्ह दानाचा प्रकार सांगतं; ऐच्छिक दात्यासाठी व्ही. शेवटची दोन चिन्हं विभाजनाची: अखंड पिशवीला ००, विभागल्यावर कॅपिटल अक्षर, त्या भागाचे पुन्हा भाग केले की स्मॉल अक्षरही. घरच्या पद्धतीत इथं पेननं 'भाग १' लिहितात, आणि संगणकात चारही भाग एकच पिशवी म्हणून उरतात. एक भाग दिला की उरलेले तीनही साठ्यातून गायब होतात.

चुका आयएसबीटीतही होतात. यादीतून शेजारचा कोड निवडला, की सीपीडीए या गोठणरोधकातल्या लाल पेशींना (३५ दिवस) एसएजीएम या पोषक द्रावणातल्या पेशींची ४२ दिवसांची मुदत मिळते. इरॅडिएशननंतर कोड बदलायला हवा आणि मुदतही: त्या दिवसापासून २८ दिवस किंवा मूळ मुदत, यांतलं जे आधी येईल ते. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. कीबोर्डसारखं काम करणारा स्कॅनर कॅप्स लॉक चालू असताना कॅपिटल-स्मॉल उलटं करू शकतो, आणि अनेक डेटाबेस दोन्ही सारखंच मानतात. खरेदीआधी विक्रेत्याला विभाजित पिशवी स्कॅन करून दाखवायला लावा. त्याच वेळी उत्पादनाचा बारकोड रक्तगटाच्या रकान्यात टाकून पाहा. प्रत्येक बारकोडच्या सुरुवातीला ओळखचिन्हं असतात, त्यामुळे योग्य सॉफ्टवेअरनं तो नाकारलाच पाहिजे. घरचा कोड इथं निमूटपणे स्वीकारला जातो.

खर्चात आयएसबीटी १२८ चालवणाऱ्या आयसीसीबीबीए संस्थेची नोंदणी आणि तिचं वार्षिक शुल्क धरा. सोबत रिबनवर चालणारा थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर आणि उणे ३० अंशांवर न सुटणारी लेबलं लागतील. साध्या थर्मल कागदावरची छपाई पुसट होते आणि बारकोड वाचला जात नाही. पूर्ण लेबल साधारण १०० × १०० मिमी असतं; लहान मुलांच्या पिशवीवर ते बसतं का, आधी चिकटवून पाहा.

बदल करायचा ठरल्यास हजारो कोड उघडत बसू नका. तुमचं केंद्र खरोखर बनवतं तेवढेच घटक लिहा. प्रत्येकापुढं पिशवीचा आकार, गोठणरोधक आणि तापमान नोंदवा, कोड जुळवा आणि यादी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. बाकीचे कोड पडद्यावर दिसणारच नाहीत अशी व्यवस्था करा. भारतीय नियमांनुसार लागणारा मजकूर आणि गटाचा रंग (ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा) नव्या लेबलवरही लागतोच, त्यामुळे लेबलचा नमुना ठरवतानाच त्यासाठी जागा सोडा.