आधी नकाशा, मग गोळीबार: 'स्केअरक्रो' मालिका वाचून झाल्यावर

मॅथ्यू रायली या ऑस्ट्रेलियन लेखकाची 'स्केअरक्रो' मालिका गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उशाशी आहे. चार कादंबऱ्या आणि एक छोटेखानी पुस्तक. सगळं वाचून झालंय, पहिली दोन तर परत परत. नव्याची नवलाई ओसरल्यावरही मत तेच आहे: नाद खुळा. पण तो कशामुळं, ते सांगतो, कारण लोक म्हणतात तसं ते नुसत्या गोळीबारामुळं नाही.

नायक शेन स्कोफिल्ड, टोपणनाव 'स्केअरक्रो', अमेरिकन मरीन दलातला. आधी वैमानिक होता. बोस्नियात विमान पडलं, शत्रूच्या तावडीत सापडला आणि दोन्ही डोळ्यांवर उभे वार झाले. त्या खुणा झाकायला कायम चंदेरी काचांचा गॉगल. पहिल्या पुस्तकात, 1998 च्या 'आइस स्टेशन'मध्ये, तो मोजकी माणसं घेऊन अंटार्क्टिकातल्या विल्क्स नावाच्या संशोधन केंद्रावर पोचतो. बर्फात खोल काहीतरी सापडलंय. ते पळवायला आधी फ्रेंच कमांडो येतात, मग ब्रिटिश एसएएस, म्हणजे त्यांचे खास कमांडो. मदत लांब, वेळ कमी.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. आमच्याकडं जॉबच्या आधी ड्रॉइंग हातात येतं, त्यामुळं पुस्तकातला केंद्राचा आराखडा मी आधी नीट बघून घेतला. एकाखाली एक पाच मजले, ए-डेक ते ई-डेक. मधोमध विहिरीसारखी पोकळी, तिच्याभोवती लोखंडी सज्जे, आणि तळाला पाण्याचं कुंड, जे खालून थेट समुद्राला जोडलेलं. एवढं डोक्यात बसलं की लेखकाला पुढं काही समजावून सांगावं लागत नाही. सी-डेकवरनं माणूस घसरला की तो कुठं पडणार हे आपल्याला त्याच्या आधी कळतं. आणि त्या कुंडात किलर व्हेल फिरताहेत. पानं भराभर उलटतात ती यामुळं. बाकीच्या थरारकथांत धावपळ भरपूर असते, पण कोण कुठल्या दाराआड उभाय याचा पत्ता नसतो. मग मी सरळ संवाद वाचत पुढं सरकतो. इथं तसं एकदाही झालं नाही.

माझे एक मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, राहतात शिरोळकडं. इंग्रजी कादंबरी ते वाचत नाहीत, म्हणून चहा पिता पिता मी त्यांना गोष्ट सांगत बसायचो. त्यांची पहिली शंका, "अरं, ह्यो गडी जेवतो कधी? आणि एवढ्या गोळ्या झाडल्या, मॅगझिनं भरली कुणी?" रास्त आहे. रसद नावाची गोष्ट या मालिकेत जवळपास नाहीच. मात्र तो आराखडा दाखवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, शिड्यांवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "हितं एक एलएमजी बसीव, वरनं माणूस उतरत न्हाई." एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन. पुढं रोज विचारायचे, पोरं वर गेली का.

दुसरं पुस्तक, 2001 चं 'एरिया सेव्हन', मला सगळ्यांत आवडतं. अमेरिकेचे अध्यक्ष वाळवंटातल्या गुप्त हवाई तळावर अडकलेत. त्यांच्या हृदयाला ट्रान्समीटर जोडलाय. ठोके थांबले तर मोठमोठ्या शहरांच्या विमानतळांवर ठेवलेले बॉम्ब फुटणार. वर दर 90 मिनिटांनी त्यांनी एका ब्रीफकेसवर हात टेकवायलाच हवा. म्हणजे लपून बसायची सोय नाही आणि मरायचीही नाही. कथानकाची ही पकड मी दुसऱ्यांदा वाचताना जास्त दाद देत वाचली.

तिसऱ्यात, 2003 च्या 'स्केअरक्रो'त, गडबड आहे. जगातली 15 माणसं मारायची, दर मुंडक्यामागं 1 कोटी 86 लाख डॉलर, आणि यादीत आपला नायक. कल्पना भन्नाट, पण सैबेरिया, अफगाणिस्तान, फ्रान्स अशी भिंगरी चालते आणि एका जागेत कोंडल्याची ती घुसमट जाते. ब्लॅक नाइट नावाचा सुपारीबाज मात्र पुस्तक खाऊन टाकतो. त्यात एक मृत्यू आहे. कुणाचा ते सांगत नाही. त्या रात्री मी पुढं वाचलं नाही.

2011 चं 'आर्मी ऑफ थीव्ज' परत एका बेटावर येतं, आर्क्टिकमध्ये, आणि गाडी रुळावर. बर्टी नावाचा छोटा यंत्रमानव आमच्या पोरीला इतका आवडला की तिनं त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. दर दुसऱ्या पानावर उद्गारचिन्ह. खलनायक जिंकत आला की भाषण ठोकतो. मॅगहूक म्हणून एक हत्यार आहे, बंदुकीसारखं झाडायचं, पुढं चुंबकी हूक आणि मागं दोर. त्यावर लटकून ही माणसं जे काही करतात त्यात खांदा जागेवर राहणं शक्य नाही. आमच्या शॉपवर चेन ब्लॉकला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला, वजन लावतानासुद्धा माणूस दहादा विचार करतो. पात्रांत खोली नाही, अपवाद फक्त 'मदर'चा. ही धिप्पाड, शिवराळ महिला सार्जंट पहिल्याच पुस्तकात पाय गमावते आणि पुढच्यात कृत्रिम पायावर उभी राहून तितक्याच शिव्या देत लढते. तिच्यासाठी मी सगळं माफ करतो.

घेणाऱ्यांसाठी: फोनवर वाचू नका. आराखडे बारीक दिसतात, मोठे केले की फुटतात, आणि ते दिसले नाहीत तर निम्मी मजा गेली. छापील प्रतच घ्या, पण जुनी मागवताना बांधणीचे फोटो आधी मागा. मला ऑनलाइन आलेल्या एका प्रतीची पानं तिसऱ्या दिवशी हातात आली. सुरुवात 'आइस स्टेशन'पासूनच करा, इंग्रजी सोपं आहे. ते छोटेखानी पुस्तक, 2005 चं 'हेल आयलंड', तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बसतं. कोल्हापुरात पुण्याच्या एसटीत बसून उघडलंत तर साताऱ्याच्या आत संपेल.