साइड बॉक्स बनवून घ्यायचेत: लोखंडी पत्रा की ॲल्युमिनियम?

टूरिंगच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंना लावायचे सामानाचे साइड बॉक्स विकत न घेता स्वतः बनवायचं ठरलं की सगळ्यात आधी अडतं ते इथेच, पत्रा लोखंडी घ्यायचा की ॲल्युमिनियमचा. मी दोन्ही वापरलेत. गाडी रत्नागिरीत असते, समुद्र फार लांब नाही, त्यामुळे लिहितोय ते किनारपट्टीवरच्या माणसाच्या हिशोबाने, पुण्या-नाशिककडच्यांचं गणित वेगळं निघू शकतं. मापं, कुलपं, क्लॅम्प यावर माहिती भरपूर मिळते म्हणून ते सोडून देतो.

आधी लोखंडाची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. गेट, ग्रील आणि शेड बनवणारा फॅब्रिकेटर आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर सापडतो, कागदावर माप काढून दिलं की डबा लवकर उभा राहतो. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमीचा पत्रा घ्या, फक्त साध्या रॉडच्या वेल्डिंगने त्याला भोकं पडतात म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून होणाऱ्या) वेल्डिंगवाला बघा. गाडी आडवी झाली तर लोखंड चेपतं पण फाटत नाही, हातोडीने बऱ्यापैकी सरळ होतं, आणि राजापुरात काही तुटलं तर राजापुरातच जोडून मिळतं, ही निश्चिंती मोठी आहे, ती मी कमी लेखणार नाही.

पैशाचं म्हणाल तर ॲल्युमिनियमचा किलोचा भाव ऐकून लोक तिथेच माघारी फिरतात. पण पत्रा किलोवर येतो आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं (घनता २.७, लोखंडाची ७.८५), त्यामुळे जाड पत्रा घेतला तरी भाव ऐकून वाटतो तेवढा फरक बिलात पडत नाही. ४५ बाय ४० बाय २२ सेंटिमीटरचा बॉक्स धरा, म्हणजे जवळपास ४० लिटर. १.२ मिमी लोखंडात नुसता पत्राच ७ किलोच्या आसपास जातो, २ मिमी ॲल्युमिनियममध्ये ४ किलो. जोडीमागे ६ किलो वाचतात. हायवेवर मला तो फरक जाणवला असं काही म्हणता येणार नाही, पण धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी मागे ढकलून वळवताना आणि बॉक्स काढून होमस्टेचा जिना चढताना चांगलाच जाणवला.

तरीही वजनावर मी निर्णय घेतला नसता. माझ्यासाठी विषय संपवला तो घडीतल्या गंजाने.

म्हणजे कसं, बॉक्स बनवताना पत्र्याच्या कडा एकावर एक येतात, झाकणाची कड दुमडलेली असते, बिजागरीची पट्टी पत्र्यावर बसवलेली असते. या सगळ्या जागी दोन पत्र्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहते, तिच्यात रंग जात नाही, पावडर कोटिंगही जात नाही, पाणी मात्र बरोबर ओढलं जातं. बाहेरून बॉक्स नवा कोरा दिसतो आणि एक दिवस जोडाच्या रेषेवर रंग फुगलेला दिसतो, नखाने दाबला की पापुद्रा निघतो, खाली गंज. आतल्या बाजूने तांबडं पाणी झिरपतं ते वेगळंच, कपड्याला लागलं की तो डाग जात नाही. मग पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वरून रंग. पण पॉलिश पेपर घडीच्या आत पोचतच नाही, त्यामुळे पुढच्या सीझनला त्याच रेषेवर तोच फुगवटा. हे काम दर वर्षी करायचं आणि ते कधीच पूर्ण होत नाही हे माहीत असताना करायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला.

लोकांना वाटतं गंजाचा सीझन म्हणजे पावसाळा. माझा अनुभव जवळपास उलटा आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तो गाडीवरचं मीठ धुऊन तरी नेतो. खरा त्रास दिवाळीनंतर, पाऊस थांबलेला, खारा वारा चालूच, रात्री दंव पडतं आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं म्हणून घडी आतून पूर्ण अशी वाळतच नाही. त्यात आपण गाडी जपायची म्हणून पडवीत किंवा शेडखाली लावतो, म्हणजे मीठ धुतलं जायची उरलीसुरली सोयही गेली. माझ्या बॉक्सचा चाकाकडचा भाग आणि तळाची कड, जिथे पावसाचं पाणी नीट लागत नाही, तिथेच गंज सगळ्यात जास्त होता. सलग वेल्ड मारून फटी बंद करता येतात, पण एवढ्या पातळ पत्र्याला सलग वेल्ड मारला की तो वाकतो आणि मग झाकण बसत नाही. कारच्या बॉडीचं सीलर घडीत भरलं तर त्रास कमी होतो, तेवढं मान्य करतो.

जीआय पत्र्याचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचं, कोणी सुचवेल. वेल्ड केला की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो (धूरही वाईट असतो), म्हणजे तो रिव्हेटनेच जोडायला हवा, आणि रिव्हेटच मारायचे तर मग ॲल्युमिनियम का नको, असं माझं म्हणणं.

ॲल्युमिनियमबद्दल सगळे घाबरवतात ते आर्गन वेल्डिंगवरून, म्हणजे ॲल्युमिनियम जोडायला लागणाऱ्या आर्गन वायूच्या वेल्डिंगवरून. ते छोट्या गावात सहजी मिळत नाही हे खरंय, रत्नागिरी-चिपळूणच्या एमआयडीसीत शोधावं लागतं नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचं. पण बॉक्सला वेल्डिंग लागतंच असं नाही. स्लायडिंगच्या खिडक्या बनवणारे आता तालुक्या-तालुक्यात आहेत, त्यांच्याकडे कटर, ॲल्युमिनियमचा अँगल आणि रिव्हेट गन सगळं असतं. पत्रा बेंड करून आणायचा, कोपऱ्यांना आतून अँगल लावायचा, मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि बंद तोंडाचे ॲल्युमिनियम रिव्हेट, म्हणजे रिव्हेटमधून पाणी येत नाही. पत्रा ५०५२ ग्रेडचा मागा, खाऱ्या हवेत टिकतो आणि वाकतोही छान, ६०६१ टी६ कडक असतो, काटकोनात दुमडला की तडकतो. आंबूस वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, ते धातूला चांगलं नाही.

त्रास यातही आहेत. उघडा पत्रा कपड्यांवर काळसर घासतो, आत जुनी योगा मॅट चिकटवली की प्रश्न मिटतो. लोखंडाचा किंवा स्टेनलेसचा बोल्ट थेट ॲल्युमिनियमला लागून असेल तर खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी यायला लागते, म्हणून नायलॉनचे वॉशर आणि बुश हवेतच. आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ॲल्युमिनियम थकतं, क्लॅम्पच्या भोकाजवळ बारीक चीर येऊ शकते, आतून ३ मिमीची पट्टी दिली की भार पसरतो. चीर दिसलीच तर तिच्या टोकाला छोटं भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही, आणि वरून पट्टी रिव्हेट करायची. रस्त्यातल्या कुठल्याही खिडकीवाल्याकडे हे होतं, वेल्डरच हवा असं नाही.

ज्यांची गाडी घाटावर असते आणि कोकणात वर्षातून एखादी चक्कर होते त्यांनी खुशाल लोखंडी बनवावेत, घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुतले की पुरे. वारंवार गाडी आडवी पडेल अशा कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनाही कदाचित लोखंडच बरं. पण तुम्ही मालवण, देवगड, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी राहत असाल, गाडी रोज वाऱ्यावर उभी असेल, तर माझ्या मते पैसे ॲल्युमिनियममध्ये घालावेत, आणि शक्यतो रंग न देता.

बॉक्स अडकवायची रॅक मात्र, बॉक्स कुठलाही असो, लोखंडी पाइपचीच करा. पाइपला घडी नसते, गंज आला की डोळ्याला दिसतो आणि पॉलिश पेपर तिथे पोचतो. फक्त पाइपची टोकं वेल्ड मारून बंद करून घ्या, आणि बॉक्स जिथे रॅकला टेकतो तिथे रबर द्यायला विसरू नका.