कमानपाट्याची डॉवेल प्लेट: दहा महिन्यांनंतर

गेल्या खंडेनवमीला पूजेत रंधा, पटाश्या आणि करवतीच्या शेजारी एक नवं हत्यार मांडलं होतं: ट्रकच्या कमानपाट्याचा (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) वीतभर तुकडा आणि त्यात ओळीनं भोकं. सांधे जोडायच्या गोल लाकडी खुंट्या, म्हणजे डॉवेल, घरी काढायची प्लेट: लाकडाची पट्टी भोकातून ठोकत न्यायची, खाली खुंटी निघते. आता श्रावण चालू आहे. एवढ्या दिवसांत दोनशेच्या वर खुंट्या काढून झाल्या, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

मुळात हा उद्योग सुरू झाला तो तयार खुंट्यांच्या पाकिटामुळे. पाकिटावर 8 मिमी लिहिलेलं, माप घ्यायचा व्हर्नियर लावला तर एक 7.6, दुसरी 7.9. 8 च्या भोकात 7.6 ची खुंटी खुळखुळते, आणि ती फट फेविकॉल भरून काढेल हा आपला भाबडेपणा. दुकानदार म्हणाला, "लाकूड आहे साहेब, उन्नीस-बीस चालायचंच." त्याच दिवशी पाट्याच्या तुकड्यासाठी शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कोल्हापूरची कारखान्यांची वस्ती, गाठलं.

पाटा साधारण 8 मिमी जाडीचा. तो आहे तसा ड्रिलला दाद देत नाही. भट्टीत लाल करून राखेत पुरला आणि रात्रभर तसाच निवू दिला, मग मऊ झाला. 12, 10, 8 आणि 6 ची भोकं पाडली. खालच्या बाजूनं तीच भोकं मोठ्या बिटानं रुंद केली, वर फक्त दोनेक मिमी नेमक्या मापाची कड राहिली. कापते ती ही कड, आणि खुंटी एकदा तिथून सुटली की खाली अडकत नाही. मग चुंबक चिकटायचं बंद होईपर्यंत लाल करून तेलात बुडवला, म्हणजे पाणी दिलं, पुन्हा कडक केला. तेवढ्यावर ठेवला तर काचेसारखा तडकेल, म्हणून पाणी थोडं उतरवायला घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशावर तासभर ठेवला. स्वयंपाकघरात दोन दिवस जळक्या तेलाचा वास होता. त्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

पहिला महिना वाया गेला. सागाच्या पट्ट्या करवतीनं सरळ कापायच्या, टोकाला पेन्सिलसारखी अणी काढायची, प्लेटवर धरून ठोकायच्या. निम्म्या तिरक्या मोडायच्या, उरलेल्यांचे पापुद्रे निघायचे. आमच्या गल्लीत जन्मभर सुतारकाम केलेले एक मामा आहेत. आवाज ऐकून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "ठोकतोयस काय नुसतं? लाकूड आधी फोड, कापू नगंस. रेष कुठनं पळतीया ते फोडल्यावरच कळतंय."

सगळी गोम इथंच होती. करवत सरळ जाते, लाकडाची रेष, म्हणजे त्याच्या धाग्यांची दिशा, सरळ जात नाही. कोयता ठेवून लाकडी हातोड्यानं फोडलेली फाक रेषेच्या बाजूनंच सुटते, म्हणून ठोकताना मोडत नाही. ती रंध्यानं साधारण अष्टकोनी करून घ्यायची आणि मोठ्या भोकातून लहान भोकाकडे यायचं. 10 मधून थेट 8 मध्ये घातली की लाकूड कापलं न जाता फाटतं. मधे 9 चं भोक हवंच. मला ते उशिरा सुचलं, म्हणून प्लेट पुन्हा मऊ करून सगळा खटाटोप दुसऱ्यांदा केला. तुम्ही पहिल्यांदाच पाडा.

लाकडांत बाभूळ सगळ्यात चांगली, चिवट आणि गुळगुळीत निघते. साग फुटतो छान, पण त्यात सिलिका असल्यानं प्लेटची कड लवकर मारतो. आंब्याची खुंटी केसाळ निघते, नादाला लागू नका. धार गेली की काचेवर पॉलिश पेपर चिकटवून प्लेटची वरची बाजू घासायची. दहा महिन्यांत दोनदाच घासली.

जून-जुलैत मात्र प्लेटनं नाही, हवेनं दगा दिला. कोल्हापूरचा पाऊस लागला की कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, तिथं लाकडाचं काय? दमट फाकेची खुंटी त्या दिवशी अगदी 8 ची निघते, पण वाळली की आकसते, आणि तीही गोल आकसत नाही. वर्षवलयांच्या दिशेनं जास्त, वलयांना आडव्या दिशेनं कमी, म्हणून अंडाकृती होते. आता फाका पत्र्याच्या डब्यात 40 वॅटच्या बल्बखाली चार-पाच दिवस ठेवतो आणि मगच ठोकतो. कोरडी खुंटी फेविकॉलचं पाणी पिऊन सांध्यात फुगते, ते आपल्या फायद्याचंच.

प्लेटच्या निमित्तानं दोन छोटी हत्यारं झाली. एक, बाभळीच्या ठोकळ्यात 8 चं भोक आणि बाजूनं आत शिरलेला स्क्रू, टोक भोकात जेमतेम अर्धा मिमी आलेलं. खुंटी त्यातून ढकलली की लांबीभर खाच पडते. ही खाच नसेल तर भोकात कोंडलेल्या फेविकॉलला वाट मिळत नाही आणि दाबानं पातळ फळी चिरते. माझा एक पाट असाच गेला. दुसरं, सरळ भोक पाडायचा मार्गदर्शक ठोकळा. लाकडी होता तोवर तीसेक भोकांत सैल झाला. मग लेथवाल्याकडून लोखंडी बुश (नळी) करून आत ठोकला.

वर्षाला चार खुर्च्या दुरुस्त करणार असाल तर यात पडू नका, पाकीट आणा आणि त्यातल्या मापाच्या खुंट्या निवडून घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर ठोकण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, दुपारी दोन ते चार हात आवरा.

12 चं भोक मी अजून वापरलेलंच नाही. मामांना बाजेच्या पायांसाठी ते हवं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात दोन दिवसांच्या बोलीवर प्लेट घेऊन गेले. अजून परत आलेली नाही, तेवढ्यात हे लिहून झालं.