पहाटे पाचला तळ्यावर आलेले मत्स्यशास्त्रज्ञ

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. बागेच्या पाण्यासाठी 30 बाय 30 मीटरचं, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. बाग मिस्टर बघतात, तळ्यातले मासे माझ्याकडे. गेल्या गणपतीत रोज सकाळी दहा-पंधरा मासे उलटे तरंगलेले दिसायचे. माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, विकणाऱ्याने औषधाच्या दोन बाटल्या दिल्या, काही फरक पडला नाही. मग ओळखीतून एका मत्स्यशास्त्रज्ञांना फोन लावला. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, मी पहाटे पाचला येतो. दहा वाजता येऊन काही कळणार नाही."

आणि ते खरंच आले, टॉर्च घेऊन. मासे पाण्यावर तोंड काढून हवा ओढत होते. मीटरवर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 1.8 मिलिग्रॅम निघाला. तो पाचच्या आसपास लागतो. त्याच दुपारी तीनला पुन्हा मोजला तर 11! पाणी हिरवंगार होतं, त्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तेच ओढून घेतं. त्यात आभाळ भरलेलं. पाणी किती हिरवं ते बघायला काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडली तर वीतभर खोलीच्या आतच दिसेनाशी झाली. मी दर आठवड्याला पाटीभर ताजं शेण टाकत होते, माशांना खाद्य मिळेल म्हणून. शेणाने शेवाळ वाढत होतं आणि माशांचा जीव त्यानेच चालला होता, हे ऐकून फार वाईट वाटलं.

दुसरी चूक संख्येची. कटला, रोहू, मृगळ मिळून 4000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मला विकली होती. सरांनी गुंठ्यात हिशेब मांडला: गुंठ्याला 50 ते 100, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या तळ्यात फार तर 900. शिवाय मृगळ तळाशी चरणारा मासा, प्लास्टिकवर गाळच नाही तर तो खाणार काय? शेण बंद, दोन दिवस खाद्य बंद, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडायचं. चौथ्या दिवशी एकही मासा मेला नाही. जादा बोटुकली दोन शेजाऱ्यांच्या तळ्यात दिली.

मला सगळ्यात पटलं ते हे, की त्यांनी तळ्यासोबत बागही पाहिली. फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुवायचा नाही. बुरशीसाठी फवारतो त्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद माशांना विष आहे. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ असल्याने पाणकावळे येणारच, म्हणून वर जाळी. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर बागेला पाणी लागतं आणि तळं उतरतं, तर विक्री मार्चमध्येच उरकायची.

उणीव एकच, पण मोठी. पाण्याचा अहवाल बारा दिवसांनी आणि पूर्ण इंग्रजीत आला. भाचीकडून वाचून घ्यावा लागला. शेतकऱ्यासाठीचा कागद मराठीतच हवा. डिसेंबरात इथे कडाक्याची थंडी पडते तेव्हा मासे खाणं कमी करतात, हेही मी फोन केल्यावरच कळलं. तोवर खाद्याची दीड गोणी वाया गेली होती.

मार्चमध्ये कटला सरासरी 700 ग्रॅम भरला. तुम्ही मत्स्यशास्त्रज्ञांना बोलावणार असाल तर बीज कधी, किती सोडलं, रोज खाद्य किती आणि बागेत काय फवारलं, हे वहीत लिहून ठेवा. ते वहीच आधी मागतात.