शॉर्ट टर्म फील्ड स्टडी प्रोग्राम: पैसे भरायच्या आधी वेळापत्रक मागा

आधी रेटिंग देऊन टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाहीये ते मोकळे. पाचपैकी साडेतीन. एक स्टार संध्याकाळच्या चर्चेला, एक कुटुंबात राहण्याला, एक सोबतच्या ग्रुपला आणि अर्धा फील्डवर्कला. हो, ज्याच्या नावावर हे विकलं जातं त्यालाच सगळ्यात कमी, का ते सांगते.

कशाबद्दल बोलतेय ते आधी. पदवीला असलेल्या मुलामुलींसाठी काही आठवड्यांचे प्रोग्राम असतात, दुसऱ्या देशात किंवा आपल्यापेक्षा वेगळ्या समाजात नेतात, तिथल्या घरात ठेवतात, बरोबर एखादा प्राध्यापक किंवा ग्रुप लीडर, एक छोटासा संशोधन प्रकल्प, शेवटी प्रेझेंटेशन आणि थोडे क्रेडिट. मी असा एक विद्यार्थी म्हणून केला, नंतर त्याच संस्थेच्या पुढच्या एका बॅचबरोबर मदतनीस म्हणून गेले, त्यामुळे जाणारेही पाहिले आणि नेणारेही. संस्थेचं नाव लिहिणार नाही कारण खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं एकट्या त्यांचं नाहीचे, या प्रकारातच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वेबसाइटवरच्या प्रतिक्रियांवर फार जाऊ नका. सगळ्या पाच स्टारच्या असतात, खोट्या नसतात, पण कधी लिहून घेतल्यात ते बघा ना. शेवटच्या दिवशी, निरोप समारंभ चालू असताना, डोळ्यात पाणी असताना फॉर्म हातात देतात. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९६० मध्ये कल्चर शॉकवर एक लेख लिहिला होता, त्यात तो सांगतो की नवीन ठिकाणी सुरुवातीला हनिमूनचा काळ असतो, सगळं छान वाटतं, आणि हा काळ काही दिवसांपासून ते अगदी सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. त्यानंतर चिडचिड सुरू होते, लोक विचित्र वाटायला लागतात, आणि खरं शिकणं तिथून पुढे. आता चार आठवड्यांच्या प्रोग्रामचं गणित तुम्हीच करा. बऱ्याच जणांचा हनिमून संपायच्या आत विमान परतीला लागलेलं असतं. मग फॉर्मवर पाच स्टार येणार नाहीत तर काय.

आता फील्डवर्क. ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं की तुम्ही समाजात मिसळून संशोधन कराल. प्रत्यक्षात आमच्या बॅचला सकाळी गाडी यायची, ठरलेल्या ठिकाणी सोडायची, तिथे कोणीतरी आधीच वाट बघत उभं असायचं, ते सगळं दाखवायचे, आम्ही प्रश्न विचारायचो, फोटो काढायचो आणि अंधार पडायच्या आत परत. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं १९८३ मध्येच याला ग्रामीण विकास पर्यटन असं नाव दिलं होतं. त्याचा रोख विद्यार्थ्यांवर नव्हता, शहरातून पाहणीला येणारे तज्ज्ञ आणि अधिकारी यांच्यावर होता, पण वाचलं की आपलीच ट्रिप आठवते. तो म्हणतो बाहेरून आलेला माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचंच बघतो, जिथे एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच जातो, कोरड्या हंगामात जातो कारण पावसात रस्ते बंद, आणि बोलतो कोणाशी तर पुढाऱ्यांशी, पुरुषांशी, आणि जे आजारी नाहीत, कामावर गेलेले नाहीत अशांशी. शिवाय पाहुणा म्हणून गेलेलो असल्यामुळे अवघड प्रश्न विचारायला लाज वाटते, तेही त्याच्या यादीत आहे.

आमच्या प्रकल्पात हे सगळं अगदी तंतोतंत होतं. आमचा दुभाषा तिथल्या समन्वयकाच्या ओळखीचा, त्यानं ज्यांना भेटवलं ते त्याच्या ओळखीचे, आणि आमच्या रिपोर्टचा निष्कर्ष काय, तर लोकांमध्ये एकोपा आहे! असणारच, सगळे एकमेकांचे नातेवाईक होते. ही गोष्ट आम्हाला कोणी मुद्दाम लपवली नव्हती, विचारल्यावर लगेच सांगितली, पण वेळापत्रक इतकं गच्च की विचारायला सुचायलाही जागा नव्हती.

म्हणून माझा सल्ला एकच, पैसे भरायच्या आधी गेल्या वर्षीचं रोजचं वेळापत्रक मागा. ब्रोशर नको, ठिकाणांची यादी नको, तासातासाचं वेळापत्रक. आणि त्यात रिकामे तास शोधा. सकाळी आठ ते रात्री आठ सगळं भरलेलं असेल तर ती सहल आहे, छान असेल, पण सहल आहे. आठवड्यातून निदान दोन दुपारी जर नुसतं "प्रकल्पाचं काम, स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहिलेलं असेल तर त्या लोकांना फील्डवर्क म्हणजे काय ते माहितीये. कारण एकाच बसस्टॉपवर तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन बसल्याशिवाय तिथे कोण येतं, कोण येत नाही, कोण कोणाशी बोलत नाही हे कळतच नाही, आणि मार्गदर्शक सोबत असताना तर अजिबात नाही.

आता चांगलं सांगते, कारण मी काही नुसती नावं ठेवायला बसलेली नाही. संध्याकाळची चर्चा. आमच्या लीडर बाईंचा नियम होता की दिवसा खिशातल्या वहीत फक्त तुटक शब्द लिहायचे आणि झोपायच्या आत त्याच्या पूर्ण नोंदी करायच्या, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही कारण झोपेनंतर अर्धं जातं. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे जे दिसलं ऐकलं ते, उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची डावी बाजू जवळजवळ कोरी आणि उजवीकडे निबंध. "लोक खूप आनंदी आहेत" असं कोणीतरी डावीकडे लिहिलं होतं तर बाई म्हणाल्या, आनंदी कुठे दिसलं, काय करत होते ते लिही. ती मुलगी गप्प. या एका सवयीसाठी मी पूर्ण फी परत भरीन, खरंच सांगते, नंतर पदव्युत्तरला आणि नोकरीतसुद्धा हीच उपयोगी पडली.

हे काही माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत जॉर्जटाऊन कन्सॉर्शियम म्हणून एक मोठा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची सांस्कृतिक समज जाण्याआधी आणि नंतर मोजली होती. त्यात दिसलं की नुसतं नेऊन सोडलं की मुलं आपोआप शिकतात असं होत नाही, तिथे असताना कोणीतरी नियमित बसून अनुभवावर बोलायला लावणारा माणूस असेल तर फरक पडतो. आणि कुटुंबात राहण्याबद्दलही तेच, घरात खोली मिळाली म्हणून नाही, त्या घरच्यांबरोबर मोकळा वेळ किती घालवला त्यावर ठरतं. आमच्यात एक जण रोज संध्याकाळी खोलीत जाऊन फोनवर घरी बोलायचा, त्याच्यासाठी ते घर आणि लॉज यात काही फरक नव्हता. डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंगनं ही कुटुंबात राहण्याची पद्धत रुजवली, आज बरेच प्रोग्राम ती वापरतात, पण एका घरात एकच विद्यार्थी की तिघं हे नक्की विचारा. तिघं असतील तर तिघं एकमेकांशीच बोलणार, मनुष्यस्वभाव आहे.

शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये एक वाक्य हमखास येतं, मदतनीस म्हणून गेले तेव्हाही आलं: "शेवटी आपण सगळी माणसं सारखीच." टाळ्या पडतात. मिल्टन बेनेट यांचं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं एक मॉडेल आहे, १९८६ चं, सहा पायऱ्यांचं. आधी फरक आहे हेच नाकारणं, मग आपलं बरोबर आणि त्यांचं चूक, मग फरक किरकोळ ठरवून सगळे सारखेच म्हणणं, त्यानंतर फरक मान्य करणं, स्वतःला त्याप्रमाणे वळवणं आणि शेवटी ते आपल्यात मुरणं. तर आपलं टाळ्यांचं वाक्य तिसऱ्या पायरीवरचं आहे, आणि बेनेट यांच्या हिशोबानं पहिल्या तीनही पायऱ्या स्वतःलाच केंद्रात ठेवणाऱ्या. कारण सारखे म्हणताना मोजपट्टी आपलीच असते ना. काही आठवड्यांत दुसरीवरून तिसरीवर आलात तरी वाईट नाही, पण प्रोग्रामवाले तिसरीलाच शिखर म्हणून फोटो काढतात तेव्हा हसू येतं.

काही ठिकाणी पॅकेजमध्ये "सेवा"सुद्धा असते, दोन दिवस शाळा रंगवा, मुलांना शिकवा वगैरे. याला माझा सरळ नकार. इव्हान इलिच नावाचा विचारवंत १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर बोलायला उभा राहिला आणि तोंडावर सांगितलं की बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इतक्या वर्षांनी ते भाषण वाचलं तरी कान लाल होतात. ज्याला भाषा येत नाही, रंग लावता येत नाही आणि जो पुढच्या आठवड्यात निघून जाणार आहे त्याची मदत म्हणजे यजमानांना एक जास्तीचं काम, त्याला सांभाळायचं. शिकायला आलोय असं कबूल करून गेलेलं बरं, त्यात कमीपणा काही नाही.

परवानगीचा विषय पण गंभीर आहे आणि इथे बहुतेक प्रोग्राम कच्चे असतात. माणसांवर संशोधन करायचं तर त्यांची संमती, त्यांना होणारा त्रास आणि ओझं कोणावर फायदा कोणाला, या तीन गोष्टी बघायच्या हे १९७९ च्या बेल्मॉन्ट रिपोर्टपासून अमेरिकेतल्या संशोधनाचा पाया आहे. विद्यार्थ्याचा छोटा प्रकल्प आहे म्हणून याला सुट्टी देऊ नये. यजमान काकू तुम्हाला स्वयंपाकघरात बसून घरातलं भांडण सांगतात ते तुम्हाला घरचं समजून सांगतात, ते उद्या स्लाइडवर येणार आहे हे त्यांना माहीत असतं का? ओरिएंटेशनमध्ये यावर निदान अर्धा दिवस नसेल तर एक स्टार कापा.

कालावधीबद्दल लोक खूप विचारतात, चार आठवडे पुरतात का म्हणून. कशाला पुरतात ते ठरवा आधी. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर सगळं मिळून दोनेक वर्षं राहिला तेव्हा कुठे त्याची पद्धत तयार झाली, आपण त्या नादाला लागूच नये. पूर्ण सेमिस्टर काढता येत असेल तर एसआयटी (स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंग) या अमेरिकन संस्थेसारखे प्रोग्राम आहेत जिथे आधी भाषा आणि पद्धती शिकवतात आणि स्वतंत्र प्रकल्प शेवटी असतो, तो क्रम मला पटतो. पण सगळ्यांना सेमिस्टर परवडत नाही, कोणाची नोकरी असते, कोणाच्या घरी जबाबदाऱ्या, इंजिनिअरिंगवाल्यांना तर एक सेमिस्टर बाहेर म्हणजे वर्ष वाया. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्यांतही आता कमी मुदतीचे विद्यार्थीच बहुसंख्य आहेत. युरोपात इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या शिक्षण योजनेनं २०२१ पासून ब्लेंडेड इंटेन्सिव्ह प्रोग्राम आणलेत, प्रत्यक्ष जाणं फक्त ५ ते ३० दिवस, पण त्याला ऑनलाइन भाग जोडणं सक्तीचं, आणि किमान ३ ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट. मला ही रचना आवडली कारण दिवस वाढवता येत नसतील तर आधी आणि नंतर तरी वाढवा. जाण्याआधी काही आठवडे त्याच ठिकाणच्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन काम झालेलं असलं की पहिला आठवडा ओळखीत जात नाही.

ग्रुपबद्दल राहिलंच. मला सगळ्यात जास्त आंतरसांस्कृतिक अनुभव यजमानांकडून नाही, आमच्याच ग्रुपमधून आला. वेगवेगळ्या विद्यापीठांची, वेगळ्या भाषेची, वेगळ्या ऐपतीची मुलं, एकच रिपोर्ट, एकच डेडलाइन, आणि मार्क सगळ्यांना सारखे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये म्हटलं होतं की दोन गटांमधले पूर्वग्रह नुसत्या भेटीनं कमी होत नाहीत, दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. यजमानांबरोबर यातलं समान दर्जाचंच जमत नाही, आपण पैसे देऊन आलेले पाहुणे. ग्रुपमध्ये मात्र चारही होतं. तिसऱ्या आठवड्यातली आमची भांडणं रेकॉर्ड करून ठेवायला हवी होती, कोण बिल वाटून घेतं, कोण वेळेवर येतं, कोण "हो" म्हणून करत नाही, सगळा अभ्यासक्रम त्यात होता. त्यामुळे स्थानिक विद्यापीठाची मुलं त्याच बॅचमध्ये, त्याच क्रेडिटसाठी, त्याच असाइनमेंटवर असतील तर तो प्रोग्राम आधी बघा, बाकीचे नंतर.

ज्यांना भाषेचा सराव हवाय त्यांनी यात जाऊ नका, त्याचे वेगळे कोर्स असतात आणि स्वस्त असतात. ज्यांना थीसिससाठी डेटा हवाय त्यांनी पण नको. पहिल्या दुसऱ्या वर्षाला असाल आणि समाजशास्त्र, पत्रकारिता, पब्लिक हेल्थ, डिझाइन असलं काही करायचंय पण नक्की नाही, त्यांच्यासाठी हे उत्तम, आपल्याला अनोळखी माणसासमोर गप्प बसून ऐकता येतं की नाही ते इथे लवकर कळतं.

आणि अर्ज करताना ईमेलवर तीन गोष्टी लेखी घ्या: फीमधला किती भाग यजमान कुटुंबाला जातो, क्रेडिट तुमच्या विद्यापीठात जाण्याआधी मंजूर करून मिळतील का, आणि लीडर बदलला तर कळवणार का. तिसऱ्यावर आमच्या संस्थेनं उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ लावला. मी पुन्हा गेले तेव्हा त्या बाई नव्हत्या, नवीन सर होते, स्वभावानं चांगले, पण संध्याकाळी ते दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांचं ठरवण्यात असायचे. त्या बॅचला मी अडीच दिले असते.